न आलेल्या मशीनची जागा

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच, सर्व्हरची खोली होती आणि त्या खोलीत गेली एकोणीस वर्षं सर्व्हरकाका होते. तोंडावर सगळे त्यांना सर्व्हरकाका म्हणत. पाठीमागे नन्नाकाका. कारण कुठल्याही विभागाचं माणूस जागा मागायला आलं, की काकांचा नन्नाचा पाढा सुरू व्हायचा. फोटो ठेवायला जागा? नाही. जुने अहवाल ठेवायला? नाही. अगदी थोडीशी तरी? मग "बघतो" म्हणायचे, स्क्रीनकडे तोंड करून दोन मिनिटं उगाच काहीतरी खालीवर करायचे आणि मान हलवायचे. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मनातून ते त्यांना आवडायचंही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कोण कशाला चिकट म्हणेल, अशी ते स्वतःची समजूत घालत.

त्या सोमवारी मुख्य कारकून धापा टाकत वर आले, पण जागा मागायला नव्हे. त्यांना एक फाइल हवी होती, तीही कागदाची. वाचाबाईंनी सही केलेले सगळे फॉर्म त्यात होते.

वाचाबाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या वाचा-उपचार विभागाच्या प्रमुख. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, अशा माणसांना त्या पुन्हा बोलायला शिकवायच्या. प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग करायच्या, म्हणजे आपण कुठून कुठवर आलो ते त्या माणसाला त्याच्याच आवाजात ऐकवता येई. ही रेकॉर्डिंगं काकांच्या सर्व्हरवर राहायची. पण बाईंना दिलेला कप्पा होता एवढासा. दर तीन महिन्यांनी तो गळ्यापर्यंत भरायचा आणि काका पत्र धाडायचे, की जुनं हटवा, नाहीतर नवीन मावणार नाही. हटवण्याआधी बाईंनी एका फॉर्मवर सही करायची. तो फॉर्म काकांच्याच डोक्यातून निघाला होता. 'मी पुढील फाइली माझ्या जबाबदारीवर हटवत आहे', हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत होतं. सहा वर्षांत असे तेवीस फॉर्म जमले होते.

कारकुनांनी खुर्चीत बसून दम खाल्ला आणि सगळी हकिगत सांगितली. एका निवृत्त बस ड्रायव्हरची बायको चार वर्षांपूर्वी बाईंकडे येऊ लागली आणि दोन वर्षं येत होती. मागच्या महिन्यात ती वारली. ड्रायव्हरने अर्ज केला, की तिची रेकॉर्डिंगं मला द्या. शोधलं तर एकही निघालं नाही. रुग्णाची नोंद दहा वर्षं ठेवायची असा नियम, आणि इथे चार वर्षांतच सगळं साफ. माणूस भडकला, त्याने तक्रार ठोकली. गुरुवारी संचालकबाईंसमोर चौकशी होती. बाईंच्या नावावर ठपका बसणार आणि विभाग त्यांच्या हातून काढून घेणार, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं.

"सही त्यांची, जबाबदारी त्यांची," फाइल काखोटीला मारत कारकून म्हणाले. "तुमचे कागद मात्र पक्के हं, काका. तुमच्या अंगाला काही लागत नाही."

काकांना बाईंचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घरी जाताना वाटेत त्यांनी मनात घोळवलं ते कारकुनांचं शेवटचं वाक्य.

मंगळवारी सकाळी संचालकबाईंची चिठ्ठी आली. नव्या इमारतीतल्या सर्व्हरला डिस्क कमी पडत आहेत, तरी जुन्या सर्व्हरमधल्या वापरात नसलेल्या डिस्क काढून द्याव्यात. काकांना हसू आलं. वापरात नसलेल्या म्हणे. त्यांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं, की आठही डिस्क वापरात आहेत, शिल्लक फक्त चार टक्के. हा चार टक्क्यांचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, कारण दर महिन्याच्या अहवालात तोच असायचा. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. सहा वर्षं तोच आकडा कसा? रुग्ण वाढले, तपासण्या वाढल्या, दोन नवे विभाग आले, आणि आकडा जागचा हललासुद्धा नाही?

इथे जरा थांबून सांगायला हवं. सर्व्हरमधल्या आठ डिस्कांची मिळून एक मोठी सलग जागा करतात आणि तिचे हवे तसे कप्पे पाडतात. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात त्यांना. कप्पा पाडला, की तेवढी जागा दिली गेली असं अहवाल धरून चालतो. आत काही ठेवलंय की नाही, ते तो विचारत नाही. ते कळायला एकेका कप्प्याच्या आत डोकवावं लागतं. बसमध्ये रुमाल टाकून सीट अडवतात, तसा प्रकार. लांबून बघणाऱ्याला गाडी भरलेलीच दिसते.

काकांनी डोकावलं. आठांपैकी सहा डिस्कांची जागा एकट्या एका कप्प्याने अडवली होती. कप्प्याचं नाव 'नवे मशीन'. नाव वाचलं आणि काकांना सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी तळमजल्यावर एक भलंमोठं स्कॅनचं मशीन येणार होतं. त्याची चित्रं अवाढव्य असतात, असं ऐकून काकांनी ते यायच्या आधीच जागा अडवून ठेवली, दुसऱ्या कुणी डोळा ठेवू नये म्हणून. पुढे तळमजल्याच्या फरशीला एवढं वजन पेलणार नाही असं निघालं, आणि मशीन आलंच नाही. कप्पा तसाच राहिला. त्यात एकुलती एक फाइल होती. मशीन विकायला आलेल्या माणसाने नमुना म्हणून कंपनीतल्या मशीनवर काढलेला स्वतःच्या मनगटी घड्याळाचा एक्स-रे दिला होता, तो.

काकांनी ती फाइल उघडली. घड्याळाचे बारीक काटे, चाकं, पट्ट्याची कडी, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. सहा डिस्क अडवून सहा वर्षं हे घड्याळ बसलं होतं, आणि त्याच्यापायी खाली पहिल्या मजल्यावर माणसांचे आवाज पुसले जात होते. सर्व्हरची खोली एवढी गार, की काका बारा महिने स्वेटर घालून बसत. त्या खोलीत त्यांना दरदरून घाम फुटला. लिहायला घेतलेलं उत्तर त्यांनी फाडून टाकलं.

मागच्याच वर्षी बाई नावांची यादी घेऊन वर आल्या होत्या. ह्यातलं कुठलं हटवावं ते सुचत नाहीये, म्हणाल्या, कुठे थोडी जागा निघेल का बघा ना. काकांनी नेहमीसारखी दोन मिनिटं स्क्रीन खालीवर केली होती. तेवढ्या वेळात हा कप्पा उघडून, बघून, बंदही करता आला असता. बाईंनी "असू दे, तुमचाही नाइलाज आहे" म्हणून तिथल्या तिथे फॉर्मवर सही केली होती. ते आठवलं आणि काकांना स्वतःच्या हाताची किळस आली.

संध्याकाळी घरी बायको पडद्याची शिवण उसवत बसली होती. काका समोर बसले आणि दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय अशा थाटात सांगू लागले, की आमच्याकडे एकाने काय केलं माहितीये का. बायकोने निम्म्यातच कात्री खाली ठेवली.

"अहो, तो एक म्हणजे तुम्हीच ना?"

काकांनी मान डोलावली. मग उरलेलं सगळं सांगितलं, घड्याळासकट. आपण मुद्दाम नाही केलं, अहवालातच तसं दिसत होतं, असंही दोनदा सांगून झालं. बायकोने ऐकून घेतलं. तिच्या तोंडून 'जाऊ द्या हो, होतं असं' हे ऐकायला काका टपून बसले होते. ते काही आलं नाही.

"घरीसुद्धा तुम्ही आधी नाही म्हणता आणि मग बघता," ती म्हणाली. "कधी कधी तर बघतही नाही."

काकांनी मग वेगळा सूर लावला. नोकरीची तीन वर्षं राहिलीत, ह्या वयात नावाला बट्टा लागला तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, वगैरे. बायकोने पुन्हा कात्री उचलली आणि बाईंची किती वर्षं राहिलीत, एवढंच विचारलं. काकांना ते माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं एका छपराखाली काम करून बाईंबद्दल त्यांना माहीत होती ती फक्त त्यांची सही.

बुधवारी सकाळी त्यांनी सगळ्यात आधी हटवलेल्या फाइलींचा शोध घेतला. निदान काहीतरी हाती लागलं तर गुरुवारी रिकाम्या हाताने जावं लागणार नाही, ही आशा. रोजच्या बॅकअपच्या प्रती नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जात, तिथे काहीच नव्हतं. राहता राहिला बाईंचा कप्पा. ऐसपैस जागेत हटवलेली फाइल कधी कधी महिनोन्महिने तशीच पडून राहते, खोदलं तर सापडते. पण बाईंचा कप्पा इतका चिंचोळा, की जुन्याच्या जागी लगेच नवीन लिहिलं जायचं. दुपारपर्यंत खोदून काकांच्या हाती तीन सेकंदांचा एक तुकडा लागला. त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज होता, बाकी काही नाही.

मग त्यांनी मोठा कप्पा आवळायला घेतला. ह्या कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी आतली फाइल सिस्टीम, म्हणजे सामानाची मांडणी, लहान करायची, मग कप्प्याची भिंत आत सरकवायची. उलट केलं तर भिंत सामानावरूनच जाते आणि आतलं सगळं कापलं जातं. नवशिके इथेच हमखास माती खातात. काका नवशिके नव्हते. त्यांनी कप्पा बंद केला, आत काही बिघाड नाही ना ते तपासलं, घड्याळाच्या फोटोची रीतसर प्रत काढून बाजूला ठेवली. प्रत काढताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. कुणाला नको असलेल्या एका फोटोसाठी एवढी काळजी, आणि बाईंना नुसतं एक पत्र. मग पसारा आवरला, भिंत सरकवली, डिस्कांवर जे काही चारदोन तुकडे होते ते दुसरीकडे हलवले आणि एकेक डिस्क मोकळी करून बाहेर ओढली. सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं लागली. सहा डिस्क टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा घड्याळात तीन वाजायचे होते.

नेमके तेव्हाच मुख्य कारकून पुन्हा वर आले. टेबलावरच्या डिस्क बघून त्यांचे डोळे विस्फारले. एकदम सहा? संचालकबाई खूश होतील म्हणाले, तुमच्यासारखा काटकसरीने चालवणारा माणूस दुसरा मिळायचा नाही. त्यांच्या डोक्यात ह्या डिस्कांचा आणि बाईंच्या फॉर्मांचा काही संबंध असेल अशी शंकाही आली नाही. ती कुणाच्याच डोक्यात आली नसती. काका गप्प बसले असते तर चौकशीनंतर शुक्रवारी एका हाताने बाईंना ठपका आणि दुसऱ्या हाताने काकांना शाबासकी मिळाली असती. काकांना हे लख्ख दिसत होतं, आणि क्षणभर, लपवून काय उपयोग, हवंसंही वाटलं होतं.

गुरुवारी अकरा वाजता ते न बोलावता संचालकबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. हातात दोन कागद होते, एक महिन्याचा अहवाल आणि दुसरा कुठल्या कप्प्यात खरोखर काय आहे त्याची यादी. दार अर्धं उघडं होतं. टेबलावर तेवीस फॉर्म पसरले होते. एका बाजूला कारकून, दुसऱ्या बाजूला वाचाबाई, आणि समोर गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मांडीवर पिशवी घेतलेला एक म्हातारा. त्याचे हात एवढे मोठे होते की पिशवी त्यात हरवली होती. हाच ड्रायव्हर.

संचालकबाईंनी विचारलं होतं, की ह्यांच्याच पत्नीची रेकॉर्डिंगं का हटवली. वाचाबाई खालच्या आवाजात, पण एकही शब्द न गिळता सांगत होत्या. हटवण्याआधी त्या प्रत्येक रेकॉर्डिंग पूर्ण ऐकायच्या. ह्यांच्या पत्नींना पाणी, खिडकी, पेन, असले शब्द काही केल्या यायचे नाहीत. पण एकदा नवरा न्यायला उशिरा आला, तर त्याला बघून त्या एकदम 'उशीर' म्हणाल्या. तेव्हापासून वाचाबाईंनी त्यांना सगळं रागावण्यातूनच शिकवलं. चपला बाहेर काढा. दिवा कुणी बंद करायचा. किती वेळा सांगायचं. एकतीस बैठका नवऱ्याला बोलणी खायला लावून त्या बाई पुऱ्या वाक्यावर आल्या.

"त्या घरी बोलायला लागल्या होत्या," वाचाबाई म्हणाल्या. "ह्यांना रोज ऐकायला मिळत होतं. दुसऱ्यांना अजून एक शब्द येत नव्हता. जागा एकाचीच होती, म्हणून मी त्यांचं जाऊ दिलं. सह्या माझ्याच आहेत."

म्हाताऱ्याने पिशवीवरची पकड घट्ट केली. काका आत गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं, की जागा एकाची नव्हती, सहा डिस्क रिकाम्या होत्या, सहा वर्षं होत्या, आणि मीच नाही नाही म्हणत राहिलो. दिलेली जागा आणि वापरलेली जागा ह्यांतला फरक, न आलेलं मशीन, सगळं त्यांनी सांगितलं. आदल्या दिवसापासून घोकून ठेवलेलं होतं, त्यामुळे न अडखळता सांगितलं. वाचाबाई आधी त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नजर फॉर्मांकडे वळवली आणि पुन्हा वर केली नाही.

संचालकबाईंनी कागद वाचले, पेन उचललं. म्हणजे अहवालाच्या पद्धतीतला दोष, म्हणाल्या, तांत्रिक चूक. कारकुनांनी जोरात मान हलवली. कुणालाच ठपका नको, प्रकरण मिटलं.

"बाई मला म्हणाल्या होत्या," म्हातारा पहिल्यांदाच बोलला, "वरचा माणूस भला आहे. जागा असती तर त्याने दिलीच असती." मग त्याने काकांकडे वळून विचारलं, तिच्या एकतीस बैठकांना किती जागा लागली असती.

"एका डिस्कचा शंभरावा भागसुद्धा नाही."

"आणि रिकाम्या सहा."

"हो."

"मग बघितलं का नाही तुम्ही?"

ह्या प्रश्नाचं उत्तरही काकांनी तयार ठेवलं होतं. अहवालाचा कुठला रकाना, त्यात काय दिसतं, काय दिसत नाही. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांना ते उच्चारवेना.

"बघितलं असतं तर जागा निघाली असती," काका म्हणाले. "मग कुणी मागायला वर आलं नसतं. लोक तीन मजले चढून माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, ते मला आवडायचं. म्हणून नाही बघितलं."

संचालकबाईंचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. हे असंच लिहायचं का, त्यांनी विचारलं. काका हो म्हणाले. तेवीस फॉर्मवर जिथे जिथे बाईंची सही आहे तिथे माझी समजा, असंही म्हणाले. कारकुनांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

म्हातारा उठला. पिशवी खांद्याला लावली. काकांसमोर येऊन तो बराच वेळ उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काकांनी मान खाली घातली. आता ह्याने फाडफाड बोलावं, चारचौघांत अब्रू काढावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

म्हातारा वाचाबाईंकडे वळला.

"ती असती ना, तर ह्यांना चांगलं झापलं असतं तिने," तो म्हणाला. "मला नाही येत तसं बोलता."

आणि तो निघून गेला. काका मान खाली घालून तसेच उभे होते.